परत आलेल्या पत्रिका

भिवंडीच्या नारपोलीतल्या दामूशेठच्या छापखान्यात एकदा एक माणूस जिवंतपणी कैलासवासी झाला होता. पुतण्याच्या लग्नपत्रिकेत त्याचं नाव 'कै.'च्या रांगेत जाऊन बसलं. दुसऱ्या दिवशी तो स्वतः स्कूटरवरून आला, काउंटरसमोर खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "चहा मागवा. मेलेला मानूस चहा पीत न्हाय, मी पिनार हाय." चहा प्यायला, पाचशे पत्रिकांचा गठ्ठा परत ठेवला आणि नव्या छापून हातात पडेपर्यंत खुर्चीतून हलला नाही.

गठ्ठे बांधून द्यायचं काम विनिताचं. परत आलेला गठ्ठा रद्दीत टाकायचं कामही तिचंच. अंजूरच्या तरे घराण्यातली ही धाकटी सून अठरा वर्षं त्या छापखान्यात पत्रिकांना घड्या घालते, डिंक लावते, सोनेरी दोरे ओवते. बारावीपर्यंत शिकलेली, रागीट, आणि वाचायला चटावलेली. पण छापखान्यात वाचायला होतं काय, तर नावं.

आमच्याकडची लग्नपत्रिका कशी असते ते बाहेरच्याला सांगावं लागेल. वर एकवीरा आई, बाजूला गणपती, मध्ये नवरा-नवरी, या सगळ्यांना मिळून चार बोटं जागा. उरलेला कागद नावांचा. प्रेषक, निमंत्रक, कार्यवाहक, व्यवस्थापक, मामा, आत्याचे यजमान, गावकीचे मानकरी, समस्त परिवार. तारीख कोणी वाचत नाही, ती फोनवर कळलेलीच असते. माणूस पत्रिका उघडतो, आधी आपलं नाव शोधतो, मग आपल्या वर कोणाला बसवलंय ते बघतो. एखाद्या मामाचं नाव राहिलं की संपलं. नवऱ्या मुलाचा बाप हात जोडून छापखान्यात हजर. "दामूशेठ, चूक आमचीच हाय, पन गठ्ठा परत घ्या. न्हायतर लगनात आमचं तोंड काळं."

एका लग्नात तर दोन भावांमध्ये बोलचाल नव्हती. मग एकाच लग्नाच्या दोन पत्रिका निघाल्या. एकीत थोरला वर, दुसरीत धाकटा वर. अर्ध्या गावाला ही, अर्ध्या गावाला ती. लग्न एकच होतं, एवढीच काय ती एकी.

परत आलेले गठ्ठे टाकायला विनिताचा हात होत नसे. चांगला जाड कागद, त्यावर सोनेरी छपाई. प्रत्येक गठ्ठ्यातली एक पत्रिका ती घरी आणायची आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवायची की कोणाचं नाव राहिलं होतं. का ठेवते, हे तिलाही सांगता आलं नसतं. सासू जानकीबाई म्हणायची, "लोकांची लग्नं कपाटात भरून ठेवतंय ही."

मेघाली छापखान्यात आली ती एक लांबलचक कागद घेऊन. मुंबईची, कलेचं शिक्षण घेतलेली, खांद्याला झोळी. तिला त्या कागदाची हातपंख्यासारखी घडी घालून हवी होती, बारीक, सारखी, एकही सुरकुती नको. मशीनवाल्याने कागद बघूनच मान हलवली. "मॅडम, ये मशीन पे नहीं बैठेगा." विनिताने कागद ओढून घेतला, घडी दाबायला स्टीलच्या चमच्याचा दांडा काढला आणि तासाभरात चाळीस घड्या घालून समोर ठेवल्या.

मेघाली बघतच राहिली. "ताई, हे आर्टिस्ट्स बुक आहे. कलावंताने केलेलं पुस्तक. त्यात गोष्ट असेलच असं नाही. पुस्तकच कलाकृती असतं."

"म्हणजे वाचायला काही नाही?"

"बघायला असतं."

"मग आमच्या पत्रिका तशाच की," विनिता म्हणाली. "वाचत कोण नाही. बघतात सगळे."

मेघाली हसली, पण विनिता हसली नव्हती. तिच्या डोक्यात किडा वळवळायला लागला होता.

शुक्रवारी नारपोलीतले लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद असतात, छापखानाही बंद. लागोपाठ दहा-अकरा शुक्रवार विनिताने कपाटातल्या पत्रिका ओटीवर पसरल्या. बेचाळीस निघाल्या. कापडाच्या पट्ट्या लावून एकाला एक जोडल्या, पंख्याची घडी. आणि प्रत्येक पत्रिकेत, जे नाव राहून गेलं होतं ते जिथं यायला हवं होतं, तिथं ब्लेडने त्या नावाएवढी खिडकी कापली. मोठ्या मामाची खिडकी लांब, नुसत्या 'भाविक' नावाच्या पोराची आखूड.

बेचाळिसावी खिडकी कापताना तिचा हात थांबला. मागच्या पेन्सिलीच्या नोंदी तिने परत एकदा चाळल्या. हिरामण, अनंता, विठू, अमका शेठ, तमका पाटील. बेचाळीस पुरुष. बाईचं नाव राहिलं म्हणून गठ्ठा परत आला, असं अठरा वर्षांत एकदाही झालं नव्हतं. होणार कसं? बाईचं नाव छापायला देतं कोण? ती नुसती 'सौ.' असते. सौ. व श्री. हिरामण. सौ. व श्री. अनंता. श्रीयुतांच्या आधी एक टिंब लावलेलं अक्षर, गाडीला पुढे लिंबू-मिरची बांधावी तसं.

मग तिने छापखान्याच्या रद्दीत पडलेल्या पत्रिकांतून एकेक 'सौ.' कापून काढला. दोन हजारांवर निघाले. शेवटच्या चार पानांवर ते अक्षतांसारखे चिकटवले, नुसते 'सौ.', पुढे काही नाही. पुस्तकाचं नाव ठेवलं 'सौ. व श्री.'

मेघालीने ते बघितलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मुंबईतल्या एका म्युझियममध्ये बायकांनी केलेल्या अशा पुस्तकांचं प्रदर्शन ती स्वतःच भरवत होती. तिने 'सौ. व श्री.' कापडात गुंडाळून नेलं. दोन महिन्यांनी एका शुक्रवारी विनिताच्या फोनवर प्रदर्शनाची निमंत्रणपत्रिका आली.

पत्रिका म्हटल्यावर विनिताने ती पत्रिकेसारखीच वाचली. वरून खाली, बोट ठेवून. दहा बायकांची नावं, आडनावांसकट. पुण्याची एक, बडोद्याची एक, एक थेट परदेशातली. सगळ्यांच्या खाली बारीक अक्षरात, 'आणि भिवंडीचा महिला कामगार समूह.'

तिने फोन लावला. "मॅडम, प्रूफमध्ये चूक आहे. माझं नाव राहिलंय."

"चूक नाही विनिताताई, तो विचार करून घेतलेला निर्णय आहे." मेघालीचा आवाज मऊ होता. "तुमचं पुस्तक एकट्या बाईचं नाहीच. त्याच्यामागे हजारो कामगार बायका उभ्या आहेत."

विनिताने मागे वळून बघितलं. "माझ्यामागं भिंत हाय."

"मी लाक्षणिक अर्थाने म्हणतेय."

"घड्या मी एकटीने घातल्या. ब्लेड माझ्या बोटाला लागलं. समूहाला किती टाके पडले?"

"नावाचा मोह आपल्याला सोडायला हवा ना, ताई? तुमचं पुस्तक तेच तर सांगतं."

'समूह' हा शब्द ज्यांचं स्वतःचं नाव आधीच ठळक छापलेलं असतं त्यांना फार आवडतो. मोर्च्यात, संस्थेत, अहवालात, कुठंही बघा. मेघालीचं नाव त्या पत्रिकेत दोनदा होतं, कलावंतांत एकदा आणि संकल्पनेत एकदा. विनिताने ते तिला मोजून दाखवलं.

मग मेघाली म्हणाली, "पत्रिका आता छापून झाल्यात. पण पुस्तकाशेजारी भिंतीवर लेबल असतं, त्यावर तुमचं नाव नक्की घालते."

"घाला. न्हायतर मी पुस्तक उचलून परत आणीन. काच फोडायला लागली तरी आणीन." आणि फोन ठेवला.

त्या दिवसापासून विनिताला एकच हवं होतं, त्या भिंतीवर आपलं नाव. म्युझियम, मुंबई, फोटो, टाळ्या, सगळं त्या एका कागदाच्या तुकड्यात आलं होतं.

घरातून ही बातमी मोठे दीर केसरीनाथ यांच्या कानावर गेली. केसरीनाथ म्हणजे अंजूरचं वजन. जमिनीवर गोदामं उभी राहिली आणि हे पांढऱ्या कपड्यांत गेले. पंचक्रोशीतली एकही पत्रिका त्यांच्या नावावाचून निघत नाही, आणि निघाली तर परत येते. विनिताच्या पुस्तकातली एक खिडकी त्यांच्याच नावाची होती, हे त्यांना माहीत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी अंजूर फाट्यावर बॅनर लागला. 'तरे परिवाराच्या सूनबाईंचे पुस्तक मुंबईच्या म्युझियममध्ये. हार्दिक अभिनंदन.' खाली सत्तावीस पुरुषांचे फोटो, त्यातले निम्मे गॉगल लावून. मधोमध मोबाइल कानाला लावलेले केसरीनाथ.

विनिता रिक्षातून उतरली आणि बॅनरसमोर उभी राहिली. शेजारी तिचा नवरा धनेश, जो गोदामाच्या गेटवर ड्युटी करतो आणि घरातही गेटवरच उभा असतो.

"माझा फोटो कुठं हाय?"

धनेशने मान खाजवली. "दादा बोलले, बाईमानसाचा फोटो नाक्यावर कसा लावायचा? कोन काय बोललं तर?"

"आनि नाव?"

"सूनबाई लिवलंय ना."

"अंजुरात सूनबाई किती हायत, मोजल्यास कधी?"

"बॅनर काय, आठ दिवसांत फाटंल गो," धनेश म्हणाला. बायकोची समजूत घालायची त्याची ही पद्धत होती, प्रत्येक गोष्ट फाटायची वाट बघायची.

उद्घाटनाला केसरीनाथ एक बस करून बावीस माणसं घेऊन निघाले. पुरुष पांढऱ्यात, बायका गजऱ्यात, जानकीबाई नेसूच्या हिरव्या लुगड्यात. म्युझियमच्या दारात पहारेकऱ्याने विचारलं, "कुठून आलात?" केसरीनाथ म्हणाले, "मुलीकडचे." सवय, दुसरं काय.

आत 'सौ. व श्री.' लांब टेबलावर काचेखाली उलगडून ठेवलेलं होतं. बाकीचे पाहुणे बशीतलं खात-खात हळू आवाजात बोलत होते, 'अनुपस्थितीचं व्याकरण' असं काहीतरी. अंजूरकर मात्र काचेवर वाकले आणि वाचायला लागले.

"ही आपल्या अनंताच्या पोराच्या लगनाची. बघ, विठूमामाची जागा मोकळी ठेवलीय."

"ती दिघाशी गावची. ह्याच्यातच भांडन झालतं."

"खिडकी बघ केवढी. मानूसच तेवढा होता."

केसरीनाथ सतराव्या पत्रिकेपाशी थबकले. मान वाकडी करून त्यांनी खिडकीचं माप डोळ्यांनी घेतलं आणि छाती फुगवली. शेजारच्या चष्मेवाल्या बाईंना म्हणाले, "मॅडम, ह्या खिडकीत मी आहे. चारशे पत्रिका परत पाठवल्या होत्या मी." बाईंनी आदराने वही काढली आणि लिहून घेतलं. पुस्तक आपल्यावर काय म्हणतंय हे त्यांना कळलं नाही, आणि त्या दिवशी कोणी सांगितलंही नाही.

विनिता पुस्तकाकडे बघतच नव्हती. ती लेबल वाचत होती. 'सौ. व श्री. भिवंडीचा महिला कामगार समूह. जुन्या लग्नपत्रिका, कापड, डिंक.'

ती मेघालीपाशी गेली. "डिंकाचं नाव आलं. माझं कुठंय?"

"अरे देवा, राहिलंच का ते? खूप गडबड होती ताई." मेघालीने तिचा हात हातात घेतला. "उद्या नक्की बदलू. आज एवढे पाहुणे आहेत, आता कुठे."

विनिताने हात सोडवून घेतला. पण बोलण्याआधीच मागून आवाज आला. केसरीनाथांनीही लेबल वाचलं होतं. आयुष्यभर त्यांनी दुसरं केलंय काय? नावांची यादी दिसली की त्यात कोण नाही ते त्यांना आधी दिसतं.

"मॅडम, हा समूह कोण?"

"म्हणजे तुमच्या भागातल्या कष्टकरी बायका..."

"पुस्तक आमच्या घरच्या सुनेचं आहे. ह्याच्यात धनेशचं नाव न्हाय. गावाचं न्हाय. घराण्याचं न्हाय. परत छापा."

"उद्या सकाळी..."

"ठीक आहे." केसरीनाथांचा आवाज एकदम थंड झाला, आणि अंजूरच्या बावीस माणसांना कळलं की आता काय होणार. "मग आमची माणसं जेवणार नाहीत."

ज्याने आमच्याकडची लग्नं बघितलीत त्याला या वाक्याचं वजन माहीत आहे. नवऱ्या मुलाचा मामा पंगतीवरून उठला की नवरदेवाचा बाप पळत येतो, पागोटं पायावर ठेवायला तयार होतो. बावीस माणसांनी बशा जिथल्या तिथं ठेवल्या. पुरुषांनी हाताची घडी घातली, बायकांनी डोक्यावर पदर घेतला. सगळे खाण्याच्या टेबलाला पाठ करून भिंतीसारखे उभे राहिले. कोणी घोषणा दिली नाही, की कोणी हसलं नाही.

मग एकाने फोटो काढला. मग दहा जणांनी काढले. चष्मेवाल्या बाई पुटपुटल्या, "हा प्रयोग पत्रिकेत दिला नव्हता." म्युझियमचे मुख्य साहेब मेघालीच्या कानाला लागले आणि मेघाली लगबगीने पुढे आली.

"अर्ध्या तासात लेबल बदलतो," ती केसरीनाथांना म्हणाली. "काय लिहायचं ते तुम्ही सांगा."

विनिता तिथंच उभी होती, दोन हातांच्या अंतरावर. तिने मागितलं तेव्हा उद्या होतं. दिराने मागितलं तेव्हा अर्धा तास झाला. आणि काय लिहायचं तेही त्यालाच विचारलं.

केसरीनाथांनी खिशातून पेन काढलं, कोणाच्या तरी बशीखालचा कागदी रुमाल घेतला आणि मजकूर लिहिला. आणि विनिताच्या हातात देऊन म्हणाले, "जा, तू छापखान्यातली हायस. प्रूफ नीट बघ."

ऑफिसमध्ये एक मुलगी संगणकासमोर बसली होती. विनिताने रुमाल टेबलावर पसरला. 'सौ. विनिता धनेश तरे (श्री. केसरीनाथ हिरामण तरे यांच्या भावजय). समस्त तरे परिवार. मु. अंजूर, ता. भिवंडी.'

"सगळं टाकू?" मुलीने विचारलं.

विनिताने मुलीच्या पुढ्यातलं पेन उचललं. आधी समस्त परिवार खोडला. मग कंस, कंसातल्या माणसासकट. मग थांबली. धनेशच्या नावावर पेन टेकवलं, उचललं, परत टेकवलं. वाईट माणूस नव्हता तो. पण बेचाळीस खिडक्यांच्या पुस्तकात त्याने एकही घडी घातली नव्हती. धनेश खोडला. त्याच्यामागोमाग आडनाव गेलं, त्याला एकटं राहायची सवय नसते. सगळ्यात शेवटी 'सौ.' खोडला.

"विनिता. एवढंच?"

"आनि अंजूर राहू दे. गावाने काय वाईट केलेलं नाही. बॅनर लावला तो गावाने न्हाय."

मुलीला त्यातलं काही कळलं नाही, पण तिने छापलं. विनिताने कागद उजेडात धरला, डावीकडे केसभर सरकलाय म्हणून परत छापायला लावला, आणि भिंतीवर स्वतः चिकटवला. कडा नखाने दाबल्या.

केसरीनाथांनी चष्मा लावला. वर पुस्तकाचं नाव 'सौ. व श्री.', खाली 'विनिता, अंजूर.' एकदा वाचलं, परत वाचलं. लेबलच्या कडेला काही बाकी राहिलंय का तेही बघितलं.

"नावं राहिली."

"राहिली न्हायत, दादा," विनिता म्हणाली. "काढली."

बाजूला उभी असलेली माणसं अचानक छताकडे, भिंतीकडे, आपल्या चपलांकडे बघायला लागली. केसरीनाथ धनेशकडे वळले. "ऐकलास? तुजं बी काढलंय." धनेशने ऐकलं होतं.

"चला रे," केसरीनाथ म्हणाले. "हितं कोन जेवनार न्हाय."

नुकत्याच उचललेल्या बशा परत खाली गेल्या. परत हाताची घडी, परत पदर, परत पाठ. फक्त या वेळी पाठ विनिताकडे होती. पाहुण्यांना वाटलं, प्रयोगाचा दुसरा अंक. फोन परत वर झाले. मेघाली धावत आली, "आता काय चुकलं?" तिला कोणी सांगितलं नाही. विनिताला सांगता आलं असतं, पण समूहाने उत्तर द्यावं म्हणून तीही गप्प राहिली.

मग ती सरळ टेबलाकडे गेली. बशी घेतली, दोन सँडविच, एक सामोसा, हिरवी चटणी. टेबलापाशी ती एकटीच होती, आणि बावीस पाठींसमोर उभं राहून एकटीने खाणं सोपं नसतं. घास तोंडात फिरत होता. बसमध्ये परत यांच्याबरोबरच बसायचं होतं, आणि उद्यापासून एकाच ओटीवर.

पाठींच्या रांगेतून एक हिरवं लुगडं वळलं. जानकीबाई हळूहळू चालत टेबलापाशी आली आणि बशी मागितली.

"आई," केसरीनाथ दबक्या आवाजात म्हणाले, "आपन जेवत न्हाय आज. आपलं नाव काढलंय."

"तुजं काढलं असंल." जानकीबाईने सामोसा फोडून आत काय आहे ते बघितलं. "माजं नाव कंच्याच पत्रिकेत नव्हतं कदी. तरी मी सगल्या लग्नांत जेवले."

ती विनिताच्या शेजारी भिंतीला टेकून खायला लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "मीठ कमी हाय." विनिताने चटणीची वाटी पुढे सरकवली. समोर धनेश पाठींची रांग आणि टेबल यांच्या मध्ये उभा होता, रिकामी बशी हातात घेऊन. त्याने ती भरली नाही, पण खालीही ठेवली नाही.